पाय कोणाचे, माप कोणाचं?

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाडीत आमची गटबैठक होती. विषय रक्तपांढरीचा. बैठक संपली, चहा झाला, बायका घाईघाईने घराकडे निघाल्या. एक मुलगी मात्र मागे रेंगाळली. बारावी झालेली, वय एकोणीस. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक गोरी, सडपातळ बाई रंगीत चटईवर आडवी पडून पाय वरखाली करत होती. खाली लिहिलेलं होतं : एकवीस दिवसांत मांड्या बारीक.

मुलगी म्हणाली, "ताईनू, ह्या केल्यार माजे पाय बारीक जातले काय ओ?"

आमच्या बैठकीत त्या दिवशी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासलं होतं. या मुलीचं ८.४ निघालं होतं. विचारल्यावर कळलं, महिनाभर ती सकाळची न्याहारी करत नव्हती, रात्री नुसती काकडी खात होती आणि दार लावून रोज दोनशे उठाबशा काढत होती. दोनदा चक्कर येऊन पडली होती. कारण? तिला बघायला आलेली माणसं परत जाताना निरोप ठेवून गेली होती : मुलगी बरी आहे, पण खालून जड आहे.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिची आई पडवीत बसली होती. पंचेचाळिशीची बाई. दिवसभर काजूच्या कारखान्यात उभं राहून काम, घरी आल्यावर विहीर, चूल, गुरं. दोन्ही पोटऱ्यांवर शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. डाव्या घोट्याच्या वर काळवंडलेल्या कातडीत एक जखम, दीड वर्ष न भरलेली. त्यावर हळद आणि फडकं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवलंत का? ती हसली. "पाय दुखतत, पण पाय बघीत बसलंय तर जेवान कोण करतला?"

एकाच घरात दोन बायका. दोघींच्याही डोक्यात पाय. एकीला पाय कसे दिसतात याची चिंता, दुसरीला पाय कसे आहेत हे बघायलाही सवड नाही. हा लेख त्या चार पायांविषयी आहे.

मैत्रिणींनो, आधी त्या एकवीस दिवसांचा निकाल लावू. कारण आपण नुसतं "हे सगळं बाजारू आहे" म्हणून उठून गेलो तर ती मुलगी पुन्हा दार लावून उठाबशा काढणार आहे. तिला उत्तर हवं आहे.

उत्तर असं आहे : शरीराच्या एखाद्या भागाचा व्यायाम केला म्हणून त्याच भागाची चरबी कमी होत नाही. स्नायू काम करतात तेव्हा त्यांना लागणारी ऊर्जा रक्तातून येते आणि रक्तात ती साऱ्या शरीरातल्या साठ्यातून येते. कुठला साठा आधी उपसला जाईल हे अनुवंश आणि संप्रेरकं ठरवतात, चटईवरची बाई नाही. हे आजकालचं शहाणपण नव्हे. १९७१ मध्ये अमेरिकेत टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले गेले. वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळलेली ही माणसं. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे निघाले, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच होती. २०१३ मध्ये चिलीमधल्या अभ्यासकांनी अकरा जणांकडून बारा आठवडे फक्त एका पायाचा व्यायाम करून घेतला, तोही एका वेळी हजाराच्या आसपास आवर्तनांचा. त्यांची चरबी थोडी उतरली, पण व्यायाम केलेल्या पायाची नाही. उतरली ती मुख्यतः कमरेच्या वरची.

दुसरी गोष्ट. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या नितंबांवर आणि मांड्यांवर चरबी साठते ती इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे. तो आजार नाही, आळस नाही, दोषही नाही. ही चरबी शरीर सहजी सोडत नाही. बाई अंगावर पाजत असते तेव्हा मात्र ती मोकळी होऊ लागते. पोटावरच्या चरबीने मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. मांडीवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी, किंबहुना राखण करणारी. डेन्मार्कमध्ये सुमारे अठ्ठावीसशे स्त्री-पुरुषांची कित्येक वर्षं पाहणी करून २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. ज्यांच्या मांडीचा घेर साधारण साठ सेंटिमीटरपेक्षा कमी होता त्यांच्यात हृदयविकाराचं आणि अकाली मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. आता यावरून बारीक मांडी माणसाला मारते असं कोणी म्हणू नये. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, आणि डेन्मार्कचं माप कोकणातल्या ठेंगण्या बाईला जसंच्या तसं लावताही येणार नाही. पण जी गोष्ट शरीराला बहुधा उपयोगी आहे तिचीच लाज एकोणीस वर्षांच्या मुलीला वाटावी, हे कुणीतरी घडवून आणलेलं आहे, एवढं तरी मान्य करू या.

आणि दोन मांड्यांमधली ती फट! मोबाइलवर तिला "थाय गॅप" म्हणतात. पाय जुळवून उभं राहिल्यावर मांड्या एकमेकींना लागता कामा नयेत म्हणे. ही फट मुख्यतः कटीच्या हाडांची रुंदी आणि मांडीच्या हाडाचा कोन यांवर ठरते. हाड व्यायामाने अरुंद किंवा रुंद होत नाही. म्हणजे जे व्यायामाने मिळूच शकत नाही तेच व्यायामाचं बक्षीस म्हणून मुलींसमोर टांगलं आहे. गाजर दाखवून गाढव चालवण्याचा प्रकार दुसरा कोणता?

हे घडवून कोण आणतं? आपल्या पिढीला त्याची तारीख सांगता येते. १९९१ मध्ये देशाची बाजारपेठ खुली झाली. १९९४ मध्ये एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही मुकुट भारतात आले. त्या दोन मुलींशी आपलं भांडण नव्हतं आणि नाही. पण ज्यांनी ते मुकुट वाटले त्यांना इथे सौंदर्यप्रसाधनांची नवी गिऱ्हाइकं हवी होती, आणि ती मिळाली. १९९६ मध्ये बंगळूरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा विरोध झाला, आणि पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्समध्ये नेऊन उरकली गेली. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. चळवळीतल्या थोरल्या मैत्रिणींकडून हे ऐकलं आहे. त्या सांगतात, रस्त्यावर एकाच वेळी दोन मोर्चे होते. एक म्हणत होता, बाईच्या देहाचा बाजार मांडू नका. दुसरा म्हणत होता, भारतीय नारीने पाय उघडे टाकू नयेत. वर्तमानपत्रांनी दोन्ही एकाच मापाने मोजले. आपली मात्र दमछाक झाली ती हा फरक समजावून सांगताना.

तो फरक आजही समजावून सांगावा लागतो. कारण बाईच्या पायावर दोन मालक हक्क सांगतात. पहिला म्हणतो, पाय झाक. दुसरा म्हणतो, पाय दाखव, पण आधी बारीक कर, मग केस काढ, मग गोरा कर. पहिला मालक घरात, देवळात, पंचायतीत बसतो. दुसरा मोबाइलमध्ये आणि दुकानात. दोघांचं आपसात वैर आहे असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. आमच्या भागातल्या मुली कबड्डीसाठी हाफ पँट घालून मैदानात उतरल्या की पहिला मालक ओरडतो. त्याच मुलीला बघायला पाहुणे आले की तोच मालक म्हणतो, "जरा चालून दाखव बाळा." चालून दाखव! गाय घेताना जसं चालवून बघतात तसं. पूर्वी मुलगी लंगडी तर नाही ना एवढं बघायचे. आता मोबाइलमधल्या मापाने मांडीही बघतात. जुन्या मालकाने नव्याची पट्टी हातात घेतली आहे.

आणि हे काही दोडामार्गापुरतं नाही. २०२१ मध्ये नॉर्वेच्या स्त्रियांच्या बीच हँडबॉल संघाला पंधराशे युरोंचा दंड झाला. गुन्हा काय? त्यांनी बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या. पुरुष खेळाडूंना मात्र चड्डी घालण्याची मुभा होती. जगभर टीका झाली तेव्हा त्याच वर्षी नियम बदलावा लागला. त्याच उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्या. कुठे पाय झाकले म्हणून दंड, कुठे उघडे टाकले म्हणून बोलणी. झाकणं किंवा उघडणं हा मुद्दाच नाही. ठरवणार कोण, हा मुद्दा आहे.

बाजाराला एक युक्ती चांगली जमते : आधी दुखणं निर्माण करायचं, मग औषध विकायचं. मांडीवरच्या कातडीला पडणाऱ्या खळ्या बहुसंख्य वयात आलेल्या बायकांना असतात. त्यांना "सेल्युलाइट" हे फ्रेंच नाव देऊन १९६८ मध्ये अमेरिकेतल्या व्होग मासिकाने ते इंग्रजी वाचकांपुढे आणलं. तोवर तिथल्या बायकांना आपल्याला हे काही झालंय याचा पत्ताही नव्हता! मग आली मलमं, पट्टे, घाम काढणारी प्लॅस्टिकची वेष्टनं. आता तर आठवड्याला टोचून घ्यायची वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्या देशातही मिळू लागली आहेत. मधुमेहाच्या आणि अतिस्थूल रुग्णांसाठी ती खरंच उपयोगाची औषधं आहेत; पण लग्नाच्या आधी दोन इंच कमी करायला ती कोणी मागू लागलं तर नवल वाटायला नको.

हे मी दुरून लिहीत नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना वसतिगृहात आम्ही रात्री पितृसत्तेवर निबंध लिहीत होतो, आणि दिवे गेल्यावर मी मांड्यांना प्लॅस्टिक गुंडाळून झोपत होते. सकाळी घामाने पुरळ उठायचं. माप एका इंचानेही हललं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नाही, कारण स्त्रीवादी मुलीला असली लाज वाटता कामा नये याचीही मला लाज वाटत होती. त्या मुलीने मोबाइल पुढे धरला तेव्हा मला आधी ते पुरळ आठवलं.

म्हणूनच माझं भांडण आपल्यातल्या काही जणींशीही आहे. हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडला तेव्हा एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "हे शहरी मध्यमवर्गाचे चोचले. आपल्याकडे रेशनचे, पाण्याचे, हिंसेचे प्रश्न पडलेत." मी नम्रपणे म्हणते, हिमोग्लोबिन ८.४ असताना उपाशी राहणारी मुलगी हा रेशनचाच प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्तपांढरी आढळली. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढलाच. या बायकांच्या ताटात आधीच कमी आहे. त्यातलं उरलेलंही बाजार त्यांच्याच हातून काढून घेतो आहे, आणि वर त्याला "स्वतःची काळजी" म्हणतो आहे.

दुसरी, तरुण मैत्रीण म्हणाली, "तिला बारीक व्हायचं असेल तर तो तिचा निर्णय. तिची निवड." निवडीचा मान राखलाच पाहिजे. पण निवड म्हणजे काय? "खालून जड" हा शब्द ऐकल्याशिवाय तिने ही निवड केली असती का? पायाचं माप चुकलं म्हणून बापाला हुंडा वाढवून द्यावा लागेल, ही धास्ती नसती तर केली असती का? निवडीचा मान राखणं म्हणजे तिला एकटीला दारामागे सोडून देणं नव्हे. तिच्या निवडीभोवतीच्या भिंती मोजणं, हे आपलं काम.

तिसरा आक्षेप बायकांचाच असतो, आणि तो सर्वांत रास्त आहे : "मग काय, व्यायाम करूच नये?" करावा! जरूर करावा. माझा सगळा राग यासाठीच आहे की बारीक होण्याच्या नादात व्यायामाचं खरं दान बायकांच्या हातून निसटतं. एकवीस दिवसांनी पट्टी हलली नाही की मुलगी व्यायाम सोडते, आणि आपलंच शरीर नालायक म्हणून बसते.

पायांच्या व्यायामाने काय मिळतं? मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. गुडघ्याच्या संधिवाताचं दुखणं त्याने कमी होतं हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. पोटरी आवळली-सोडली की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. उभ्याने काम करणाऱ्या, शिरा फुगलेल्या बाईला त्याचा आधार होतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात तेव्हा भार पेलणारा व्यायाम ती झीज मंदावतो, तोल राखतो, पडणं टाळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम असं आहे. त्यात मांडीचा घेर कुठेही नाही.

आमच्या गटात आता बैठकीच्या आधी वीस मिनिटं आम्ही हेच करतो. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. भिंतीला धरून टाचा उचलायच्या, पंधरा वेळा. बसल्या बसल्या गुडघा सरळ करून पाच अंक मोजायचे. भिंतीला धरून पाय बाजूला उचलायचा. शेवटी फुगडी! कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायकांना फुगडी शिकवावी लागत नाही. पायांचा इतका दमदार व्यायाम आपल्या आज्यांनी सणाच्या नावाखाली राखून ठेवला, आणि तिथे कोणी पट्टी घेऊन उभं नव्हतं. ज्यांचं रक्त फार कमी आहे त्यांना आम्ही आधी गोळ्या आणि जेवण सांगतो, दमवत नाही. ज्यांच्या पायाला जखम आहे, एकच पाय अचानक सुजला आहे किंवा दोन्ही पाय वर्षानुवर्षं दुखरे आणि फुगलेले आहेत त्यांना डॉक्टरकडे पाठवतो. कारण काही बायकांचे पाय जाड असतात ते लिपिडीमा नावाच्या आजाराने. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९४० मध्येच त्याचं वर्णन झालं आहे. उपास आणि उठाबशांनी ती चरबी हलत नाही. अशा किती जणींना आळशी म्हणून हिणवलं गेलं असेल?

आता "श्रम करणाऱ्या बाईला व्यायाम कशाला" हेही ऐकते. आमच्या बाया दिवसभर चालतात, वाकतात, उभ्या राहतात हे खरं. पण श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रम मालकाच्या वा घराच्या गरजेने होतो, एकाच अंगावर पडतो, थांबायची मुभा देत नाही. लावणीच्या दिवसांत आठ-आठ तास चिखलात वाकून उभं राहिल्याने पाय घडत नाहीत, झिजतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचेच्या भेगांतून लेप्टोचे जंतू शिरतात. काजूच्या बागेत वाळक्या पाल्यातून गोचीड पायावर चढते. २०१६ मध्ये याच तालुक्यात माकडतापाने माणसं गेली तेव्हा आरोग्य खात्याला सांगावं लागलं की बागेत जाण्याआधी पायांना गोचीड दूर ठेवणारं तेल लावा. आमच्या पायांना कुठलं मलम लागतं ते बाजाराला अजून ठाऊक नाही!

आणि वेळ कुठला? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. त्या तीन तासांच्या फरकात बाईचा व्यायाम, विश्रांती, दवाखाना सगळं गडप होतं. दवाखानाही जवळ नाही. दोडामार्गच्या माणसाला मोठं दुखणं झालं की म्हापसा किंवा बांबोळी. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा इथले लोक रस्त्यावर आले ते उगाच नाही. त्या आईच्या घोट्याची जखम दीड वर्ष भरली नाही यात तिच्या हेळसांडीपेक्षा एक दिवसाच्या बुडालेल्या मजुरीचा आणि बसभाड्याचा वाटा मोठा आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या मागण्या सरळ आहेत. उभ्याने काम करणाऱ्या बायकांना कारखान्यात बसायला आसन आणि मधली सुट्टी. गावच्या मैदानावर मुलींचा वेळ ठरलेला, आणि तिथे जायच्या रस्त्यावर दिवा. शाळेत खेळाचा तास खेळासाठीच, आणि मुलींनाही. ग्रामीण रुग्णालयात शिरांच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यांची तपासणी ठराविक दिवशी. घरकामात पुरुषांचा वाटा. आणि घरोघरी एक नियम : बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलगी चालून दाखवणार नाही.

साताऱ्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली, दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. तिच्या मांडीचा घेर किती, असं कोणी विचारलं नाही. ते पाय किती वेगाने धावले, एवढंच विचारलं गेलं. हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या पायाला विचारला जावा : ते तुला कुठवर नेतात?

ती मुलगी आता गटात येते. गोळ्या सुरू आहेत, हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं आहे. तिच्या मांड्या होत्या तशाच आहेत, आणि त्यांची लाज पुरती गेली आहे असा दावा मी करणार नाही. माझीही गेलेली नाही. पण मागच्या महिन्यात तिने एक गोष्ट केली. एक दिवसाची मजुरी बुडवायला लावून आईला दवाखान्यात घेऊन गेली. बसमधून उतरल्यावर चढण होती. आईचा हात धरून ती चढली.